फिक्स्ड गिअर सायकलला डिस्क ब्रेक : पुढे बसवावा की मागे? खर्च कुठे, धोका कुठे, समजून घ्या

बेळगाव : फ्री-व्हील नसलेली, पॅडल थांबलं की चाकही थांबणारी 'फिक्सी' सायकल दिसायला देखणी असते. एक बारीक फ्रेम, एक चेन, दोन चाकं, बाकी काही नाही. पण या साधेपणाच्या नादात अनेक जण ब्रेकच काढून टाकतात. 'पायानेच थांबते की' असं त्यांचं म्हणणं असतं. कॅम्पातल्या मोकळ्या रस्त्यावर सकाळी सहाला ते चालूनही जाईल. पण जुलैच्या पावसात टिळकवाडीच्या रेल्वे गेटसमोर वाहनं अचानक थांबली आणि समोर शाळेतून येणारं पोर आलं, तर पायाचा ब्रेक कमी पडतो.

अशा सायकलला डिस्क ब्रेक बसवता येतो का, बसवावा का, आणि बसवायचा तर कुठे, याची ही सविस्तर माहिती.

फिक्स्ड गिअर म्हणजे नेमकं काय?

नेहमीच्या सायकलमध्ये मागच्या चाकाला फ्री-व्हील असतं. उतारावर पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं आणि 'टिकटिक' आवाज येतो. फिक्स्ड गिअरमध्ये मागचं दातेरी चाक, म्हणजे कॉग, थेट हबवर घट्ट बसवलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच, आणि पाय उलटा रेटला की चाक मंद होणार.

लाकडी उतरत्या ट्रॅकवर, म्हणजे व्हेलोड्रोममध्ये, अशाच सायकली धावतात आणि त्यांना ब्रेक नसतो. जपानमधली 'केरिन' शर्यतही अशाच सायकलींची. ती १९४८ मध्ये कोकुरा इथे सुरू झाली. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात. तिथे सिग्नल नाही, रिक्षा नाही, गाय नाही. कोणी अचानक ब्रेक मारला तरच मागचे पडतील, म्हणून तिथे ब्रेक नसणं शहाणपणाचं ठरतं. रस्त्यावर हिशोब अगदी उलटा होतो. न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, लंडन अशा शहरांतल्या कुरिअरवाल्या पोरांनी ही सायकल रस्त्यावर आणली आणि तिथून ती फॅशन झाली.

पायाचा ब्रेक कमी का पडतो?

सायकल थांबवताना वजन पुढे सरकतं. जोरात ब्रेक लागला की मागचं चाक हलकं होतं आणि घसरू लागतं. पाय कितीही दणकट असले तरी हलक्या झालेल्या चाकाला रस्त्यावर पकडच उरत नाही. फिक्स्ड गिअरची पायाची ताकद फक्त मागच्या चाकावर चालते, ही तिची मूळ मर्यादा.

कोरड्या, सपाट डांबरी रस्त्यावर पुढच्या चांगल्या ब्रेकने गुरुत्वाकर्षणाच्या साधारण निम्म्या जोराने वेग कमी करता येतो. त्याहून फार जास्त दाबलं तर मागचं चाक उचललं जातं. फक्त मागच्या चाकाने साधारण पाव जोरच मिळतो, म्हणजे निम्मा. आता आकडे मांडून पाहा :

- वेग ताशी २५ किमी : पुढच्या ब्रेकने सुमारे ५ मीटर, फक्त मागच्या चाकाने सुमारे १० मीटर.
- वेग ताशी ३५ किमी : पुढच्या ब्रेकने सुमारे १० मीटर, फक्त मागच्या चाकाने १९ मीटरच्या पुढे.

यात धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंतचं अंतर धरलेलं नाही. ताशी २५ किमी वेगाने एका सेकंदात सायकल ७ मीटर पुढे गेलेली असते. शिवाय मागच्या चाकाचा हा आकडा सराव असलेल्या माणसाचा आहे. पॅडलला क्लिप किंवा पट्टा नसेल, तर पाय उलटा रेटताना तो पॅडलवरून सुटतो आणि थांबण्याचं अंतर आणखी वाढतं.

उतारावर आणखी एक अडचण येते. पुढे ४८ आणि मागे १६ दात असतील तर पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ६.३ मीटर जाते. ताशी २५ किमीला मिनिटाला ६६ फेऱ्या होतात, त्या सोप्या आहेत. ताशी ४० किमीला १०६ फेऱ्या होतात. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या पॅडलला उलटा जोर लावणं म्हणजे गुडघ्याशी कुस्ती. चोर्ला घाटासारख्या उतारावर हा विचारही करू नये.

चाक घसरवत थांबण्याची, म्हणजे 'स्किड'ची, सवय टायरही खाते. ४८ ला १६ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे एकच पाय पुढे ठेवून स्किड मारणाऱ्याचा टायर दरवेळी एकाच जागी घासला जातो. ४८ आणि १७ दात असतील तर तीच झीज १७ जागी वाटली जाते. टायर जास्त टिकतो, पण थांबण्याचं अंतर कमी होत नाही.

लंडनचं प्रकरण आणि कायदा

हा विषय हौसेपुरता नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लंडनच्या ओल्ड स्ट्रीट भागात पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्स्ड गिअर सायकलची धडक बसून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेचा मृत्यू झाला. सायकलस्वार तेव्हा जेमतेम १८ वर्षांचा होता. २०१७ मध्ये न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवधातून मुक्त केलं, पण १८६१ सालच्या जुन्या कायद्यातल्या बेफाम वाहन चालवण्याच्या कलमाखाली दोषी धरून १८ महिन्यांची शिक्षा दिली. पुढचा ब्रेक असता तर तो वेळेत थांबू शकला असता, हा सरकारी पक्षाचा मुख्य मुद्दा होता.

ब्रिटनमध्ये १९८३ च्या नियमांनुसार रस्त्यावरच्या सायकलला दोन स्वतंत्र ब्रेक यंत्रणा लागतात. फिक्स्ड चाक मागची यंत्रणा म्हणून धरलं जातं, पण पुढचा ब्रेक हवाच. जपान त्याहून कडक आहे. तिथे पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांना ब्रेक लागतो आणि ताशी १० किमी वेगावरून सायकल ३ मीटरच्या आत थांबली पाहिजे असा नियम आहे. सायकल सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयएसओ ४२१० मानकातही पुढे एक आणि मागे एक अशा दोन स्वतंत्र ब्रेकची अट आहे.

डिस्क ब्रेकने नेमका काय फायदा?

एक गैरसमज आधी दूर केलेला बरा. डिस्क ब्रेकमुळे टायरची पकड वाढत नाही. कोरड्या रस्त्यावर चांगल्या प्रतीचा रिम ब्रेकही मागचं चाक उचलण्याइतका जोर देतो. म्हणजे कोरड्यात दोघांचं अंतर जवळपास सारखंच येतं.

फरक पडतो तो पावसात. रिम ब्रेकचं रबर चाकाच्या कडेवर घासतं आणि ती कड रस्त्यावरच्या पाण्यात सतत भिजत असते. आधी पाणी पुसलं जातं, मग पकड येते. त्या मधल्या क्षणात सायकल तशीच पुढे सरकते. जुन्या पद्धतीच्या चकचकीत स्टील रिमवर तर पावसात ब्रेक लागतोय की नाही अशी शंका येते. डिस्कची चकती चाकाच्या मध्यावर, चिखलापासून वर असते. तिला छिद्रं असतात आणि पॅड कडक असतात, त्यामुळे पाणी पटकन बाजूला होतं.

दुसरा फायदा रिमचा. पावसाळ्यात खानापूर रोडची लाल माती ब्रेकच्या रबरात अडकते आणि अॅल्युमिनियमची रिम कानशीप्रमाणे घासते. डिस्कमध्ये झिजते ती चकती आणि पॅड, दोन्ही बदलता येतात. चाकाचा थोडा आऊट असला तरी ब्रेक घासत नाही, हा तिसरा फायदा.

तोटेही आहेत : वजन वाढतं, सुटे भाग महाग पडतात, आणि साध्या फिक्सीचा साधेपणा कमी होतो.

पुढे डिस्क : सर्वांत शहाणा पर्याय

पुढच्या चाकाला डिस्क आणि मागे फिक्स्ड कॉग, हा शहरासाठी सर्वांत चांगला मेळ. खरं काम पुढचा ब्रेक करतो, मागे पाय आहेतच. पण त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली, चिमटा, म्हणजे फोर्क. डिस्क ब्रेकचा सगळा ताण चिमट्याच्या डाव्या पायावर, तोही खालच्या टोकाला येतो. रिम ब्रेकसाठी केलेला बारीक चिमटा हा ताण घेण्यासाठी बनवलेला नसतो. त्याला पट्टी आवळून किंवा पत्रा वेल्ड करून कॅलिपर बसवणं म्हणजे चिमटा वाकण्याला आमंत्रण. डिस्कसाठीच बनवलेला चिमटा घ्यावा आणि त्यावर किती मोठी चकती चालते ते पाहावं. शहरासाठी १६० मि.मी. ची चकती पुरेशी होते.

दुसरी, हब. चकती बसवायची सोय असलेलाच हब लागतो. एक प्रकार सहा बोल्टचा. त्यात बोल्ट ४४ मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर असतात. दुसरा शिमानोचा 'सेंटरलॉक', त्यात चकती खाचांवर बसून एका रिंगने आवळली जाते. हब आणि चकती एकाच प्रकारची हवी.

तिसरी, स्पोक. फिक्सीच्या पुढच्या चाकात शोभेसाठी स्पोक सरळ, एकमेकांना न ओलांडता लावलेले असतात. डिस्कमध्ये ब्रेकचा पीळ हबवरून स्पोकमार्फत रिमपर्यंत जातो. सरळ स्पोक तो पीळ झेलू शकत नाहीत. एकमेकांना ओलांडणारे स्पोकच हवेत.

एक इशारा : कॅलिपर चिमट्याच्या मागे असल्याने जोरात ब्रेक मारला की धुरा खाली, खाचेतून बाहेर ढकलला जातो. त्यामुळे चाकाचे नट किंवा क्विक-रिलीज व्यवस्थित आवळलेलं असावं. खाचेच्या टोकाला असणारे अडथळे कोणीही कानशीने घासून काढू नयेत. आरपार जाणारा धुरा असेल तर ही भीती राहत नाही.

मागे डिस्क : इथेच खरी डोकेदुखी

ट्रॅक सायकलच्या मागच्या हबची रुंदी १२० मि.मी. असते. डिस्कचे मागचे हब साधारण १३५ मि.मी. चे, आरपार धुऱ्याचे १४२ मि.मी. चे असतात. १५ मि.मी. चा हा फरक फ्रेम ताणून भरून काढण्यासारखा नाही.

त्यात चेनची रेषा आली. ट्रॅक सायकलमध्ये चेन मध्यापासून ४२ मि.मी. वर सरळ चालते. रुंद हबवर कॉग बाहेर सरकतो आणि चेन तिरकी होते. फिक्स्ड गिअरमध्ये तिरकी चेन फक्त आवाज करत नाही, ती उतरूही शकते. चेन उतरली की पायाचा ब्रेक संपला, आणि अडकली तर मागचं चाक जागीच जाम.

तिसरी अडचण चेन आवळण्याची. फिक्सीत चेन सैल पडली की चाक मागे सरकवून आवळतात. चाक सरकलं की चकतीही सरकते, पण फ्रेमवरचं कॅलिपर जागचं हलत नाही. मग पॅड चकतीवर पूर्ण बसत नाही. यावर उपाय तीन : कॅलिपरसह सरकणारी खाच, लांब खाचेत पुढे-मागे करता येणारं कॅलिपर, किंवा क्रँकच्या जागी फिरवता येणारा तिरपा बॉटम ब्रॅकेट. असली फ्रेम मुळातच तशी बनवलेली हवी. जुन्या फ्रेमवर कान वेल्ड केला तर पातळ नळी त्या जागी कमजोर होते. अॅल्युमिनियम फ्रेमला वेल्डनंतर उष्णतेची प्रक्रिया करावी लागते, ती गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये होत नाही. कार्बनचा तर प्रश्नच नाही.

दोन्ही बाजूंनी वापरता येणारा हब, म्हणजे एका बाजूला फिक्स्ड आणि दुसऱ्या बाजूला फ्री-व्हील, ही फिक्सीवाल्यांची आवडती सोय. डिस्क बसवली की एक बाजू चकतीने घेतली, ती सोय गेली.

आणि एवढं करून मिळतं काय? मागचं चाक डिस्कने अचानक जाम झालं तर पॅडलही त्याच क्षणी जाम होतात आणि गुडघ्याला हिसका बसतो. म्हणून मागचा ब्रेक हवाच असेल, तर हळूहळू लागणारा साधा रिम ब्रेकही काम भागवतो. चेन तुटण्याची भीती वाटणाऱ्यांनी, आणि नव्याने फिक्सी चालवणाऱ्यांनी, तो जरूर ठेवावा.

जुगाडाचा धोका

डिस्क असलेल्या स्वस्त एमटीबीचं मागचं चाक काढून त्याला फिक्स्ड कॉग लावायचा मोह अनेकांना होतो. फ्री-व्हीलचे आटे आणि ट्रॅक कॉगचे आटे एकमेकांत बसतात, त्यामुळे 'झालं काम' असं वाटतं. पण खऱ्या फिक्स्ड हबवर कॉगच्या बाहेर उलट्या आट्यांची एक लॉक-रिंग असते. पाय उलटा रेटला की कॉग सुटायला बघतो आणि त्याच फिरण्याने लॉक-रिंग घट्ट होते. फ्री-व्हीलच्या हबवर त्या रिंगची जागाच नसते. चिकट द्रव लावा की वेल्ड मारा, नेमक्या गरजेच्या वेळी कॉग फिरून सुटतो.

याला एक सुरक्षित पर्याय आहे. सहा बोल्टच्या डिस्क हबवर चकतीऐवजी बोल्टने बसणारे खास कॉग मिळतात. चाक उलटं फिरवून चकतीची बाजू उजवीकडे घ्यायची आणि तिथे कॉग आवळायचा. आटे नसल्याने सुटण्याचा प्रश्न नाही. अर्थात मग मागे डिस्क बसणार नाही, ब्रेक पुढेच ठेवावा लागेल. चेनची रेषा मात्र आधी मोजून घ्यावी.

केबलचा की तेलाचा?

केबलवर चालणारा मेकॅनिकल डिस्क स्वस्त असतो आणि कोणत्याही सायकल दुकानात दुरुस्त होतो. पण पावसाळ्यात केबल गंजते आणि पॅड झिजले की हाताने जवळ घ्यावे लागतात. कॅलिपर आणि ब्रेकचा लिव्हर जोडीचा असावा. वळणदार हँडलच्या रोड सायकलचा लिव्हर केबल कमी ओढतो, एमटीबीचा जास्त. जोडी चुकली तर लिव्हर हँडलला टेकतो, किंवा दगडासारखा कडक लागतो.

हायड्रोलिकमध्ये तेलाचा दाब असतो. एका बोटाने ब्रेक लागतो आणि पॅडची झीज आपोआप भरून निघते. मात्र तेल कंपनी सांगेल तेच घालावं. शिमानोला मिनरल ऑइल लागतं, काही कंपन्यांना डॉट फ्लुइड. एकाच्या जागी दुसरं घातलं की आतले रबर खराब होतात. आपल्याकडे पंक्चर काढताना सायकल उलटी करण्याची पद्धत आहे. हायड्रोलिकमध्ये त्याने हवा नळीत शिरून लिव्हर मऊ पडू शकतो. सरळ करून चार-पाच वेळा दाबून ब्रेक कडक झाल्याची खात्री करावी, नाही झाला तर हवा काढून घ्यावी. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नये, पॅड एकमेकांना चिकटतात.

खर्चाचा हिशोब

खरेदीआधी वही-पेन घेऊन यादी करावी. पुढे रिम ब्रेक बसवायचा तर ब्रेक, लिव्हर आणि केबल, एवढंच लागतं, तेही चिमट्याला भोक असेल तर. पुढे डिस्क हवी तर चिमटा, हब, स्पोक, चाक बांधायची मजुरी, चकती, कॅलिपर आणि लिव्हर लागतात. मागेही डिस्क हवी तर त्यात फ्रेम आणि मागचं चाक मिळवा, म्हणजे ती नवी सायकलच झाली. म्हणून जुन्या फ्रेमवर पैसे ओतण्यापेक्षा पुढे चांगला रिम ब्रेक लावणं, किंवा डिस्कसाठीच बनवलेली सायकल घेणं, हे दोनच पर्याय हिशोबात बसतात.

बसवल्यावर काय काळजी घ्यावी?

- नवे पॅड लगेच पकड धरत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ताशी २० किमी वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक जाम न करता, २० एक वेळा ब्रेक लावावा.
- चेनला तेल घालताना ते चकतीवर उडू देऊ नये. स्प्रे तर नकोच. चकतीला बोटं लावू नयेत. पुसायची तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडकं. तेल प्यालेला पॅड बदललेलाच बरा.
- शिमानोच्या सूचनेनुसार पॅडचा घासणारा थर ०.५ मि.मी. वर आला की बदलावा, चकती १.५ मि.मी. वर आली की बदलावी. नवी चकती साधारण १.८ मि.मी. असते.
- महिन्यातून एकदा चकतीचे बोल्ट, लॉक-रिंग आणि चेनचा ताण तपासावा.
- चाक फिरतं ठेवून चेन पुसू नये. फिक्स्ड गिअरमध्ये चेन थांबत नाही, बोट कॉगमध्ये गेलं तर तुटतं. फिरत्या चकतीच्या छिद्रांचंही तेच.
- लांब उतारानंतर चकती तापलेली असते, हात लावू नये.
- सायकल दुसऱ्याला देताना 'पाय थांबवू नको' आणि 'पुढचा ब्रेक कुठल्या हाताला' हे आधी सांगावं.

थोडक्यात

शहरात फिक्स्ड गिअर चालवायची तर पुढचा ब्रेक हवाच, यात तडजोड नाही. रोज पावसात फिरणं असेल आणि चिमटा त्यासाठी बनवलेला असेल, तर पुढे डिस्क उत्तम. तसा चिमटा नसेल तर चांगला रिम ब्रेक लावून पावसात वेग कमी ठेवावा. मागची डिस्क फक्त तशी बनवलेल्या फ्रेमवरच घ्यावी. मुलाने फिक्सी मागितली तर पालकांनी रंग आणि किमतीच्या आधी पुढच्या चाकाला ब्रेक आहे का, ते पाहावं.